रेक्लमेशनवरची साठीशांत

घरातल्या माणसाला साठ पुरी झाली की आपल्याकडे शांत घालतात. साठ दिव्यांनी ओवाळतात, नातवंडं पेढ्यांवर डल्ला मारतात आणि एखादा खवचट मेव्हणा 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळा होतो. संस्थांच्या साठीला या मेव्हण्याला बोलावणं नसतं. या आठवड्यात त्याचं काम माझ्याकडे.

मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था, म्हणजे चर्चगेटचं 'बजाज', 1965 साली सुरू झाली. तेव्हा हात धरायला होतं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं बिझनेस स्कूल आणि त्या स्कूलचा जन्म 1925 चा. त्यामुळे 2025 मध्ये तिकडे शंभरी आणि इकडे साठी, असा योग आला. स्टॅनफर्डच्या जन्मामागे हर्बर्ट हूवर होते, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. त्यांची तक्रार अशी की पश्चिम किनाऱ्यावरची हुशार मुलं व्यापार शिकायला पूर्वेकडे जातात आणि तिकडचीच होऊन राहतात. 'मुलगा कॅलिफोर्नियात असतो' असं अभिमानाने आणि थोडं पडेल आवाजात सांगणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांना हे ऐकून गंमत वाटेल. कॅलिफोर्नियाचंही कधीकाळी हेच दुखणं होतं.

बिझनेस स्कूलच्या वर्धापनदिनाचा साचा आता ठरून गेला आहे. सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी परिसंवाद, संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांचं जेवण. 'बजाज'ला 'सीईओंचा कारखाना' म्हणतात आणि ते उगाच नाही. उदय कोटक, अजय पिरामल ही त्याच बाकांवरची नावं. ती घ्यावीत, जरूर घ्यावीत. फक्त साचा कधीकधी आपोआप फुटतो. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने ऑक्टोबर 2008 मध्ये शताब्दीची मोठी परिषद भरवली, तेव्हा लेहमन ब्रदर्स बुडून जेमतेम महिना झाला होता. बाहेर बँका कोसळत होत्या आणि त्या चालवणाऱ्यांत याच शाळेत शिकलेली माणसं होती. पुढच्याच वर्षी तिथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतःच, डॉक्टरांच्या धर्तीवर, व्यवस्थापकांची एक शपथ लिहून काढली. शपथेने काय होतं हा वेगळा प्रश्न. पण निदान लाज वाटली होती.

आपल्या संस्थेला असा आरसा शोधायला कुठे जायला नको. तो पायाखालीच आहे. 'बजाज'चा पत्ता आहे 164, बॅकबे रेक्लमेशन. यातल्या 'बॅकबे रेक्लमेशन' या दोन शब्दांत व्यवस्थापनशास्त्राची दोन सत्रं भरतील एवढा ऐवज आहे.

1861 साली अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लँकेशरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हाच प्रश्न. मग बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या आणि समुद्रात भर टाकून जमीन विकायची योजना घेऊन बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 पर्यंत चढला. जमीन अजून पाण्याखालीच होती, पण त्याने कुणाचं अडलं नाही. 1865 च्या एप्रिलमध्ये यादवी संपत आल्याच्या बातम्या आल्या, कापूस गडगडला आणि त्यामागोमाग सगळंच. या तेजीचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद धुळीला मिळाले. चांगल्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला देऊन ठेवलेल्या पैशातून राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. म्हणजे मुंबई विद्यापीठाचं सर्वांत देखणं चिन्ह हे एका फुटलेल्या फुग्याची शिल्लक आहे. त्या पडझडीनंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, त्याच बॅकबेवर, त्याच विद्यापीठाने व्यवस्थापन शिकवायला सुरुवात केली. हा योगायोगच, पण इतका चांगला योगायोग पैसे देऊन मिळत नाही.

दुसरं सत्र 1920 च्या दशकातलं. या वेळी भर टाकण्याचा उद्योग सरकारने स्वतः हाती घेतला. गाळ उपसणारं यंत्र अंदाजापेक्षा फारच कमी उपसू लागलं, खर्च फुगत गेला. खुर्शीद नरिमन यांनी त्यातली अंदाधुंदी चव्हाट्यावर आणली. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. ठरलेल्यापैकी निम्मीही जमीन तेव्हा झाली नाही. चुकलेला अंदाज, तो लपवणारी यंत्रणा, बोट दाखवणाऱ्यावरच खटला: यातलं काय जुनं झालं आहे?

आता माझा मुद्दा. व्यवस्थापनाच्या वर्गात सगळा खेळ 'केस'चा असतो. एखाद्या कंपनीत काय घडलं ते कागदपत्रांसह मांडायचं, निर्णयाच्या तोंडाशी नेऊन सोडायचं आणि विद्यार्थ्याला विचारायचं, तू काय केलं असतंस? ही रीत हार्वर्डने रुजवली आणि तिचा धंदाही उत्तम केला. तिथल्या केसच्या प्रती जगभर विकत घेतल्या जातात. मुंबईच्या डबेवाल्यांवरची गाजलेली केसही हार्वर्डचीच. स्टीफन थॉमके या प्राध्यापकांनी ती 2010 मध्ये आणली. आणि डबे लागतात कुठे? चर्चगेट स्टेशनाबाहेर, 'बजाज'पासून चालत जाण्याच्या अंतरावर. रंगाने आणि आकड्यांनी खूण केलेला डबा मालाडहून बरोबर फोर्टातल्या टेबलावर जातो. पण त्याचं शास्त्र मात्र बोस्टनला जाऊन, बांधणी होऊन, किंमत लावून परत आलं.

दोष प्राध्यापकांना देऊन भागणार नाही. केस लिहायला माणूस महिनोन्‌महिने एखाद्या पेढीत, कारखान्यात बसावा लागतो. त्याला पगार नियमित हवा, वेळ हवा, उद्या नोकरी असेल याची खात्री हवी. आपल्या सरकारी विद्यापीठांमध्ये मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर ढकलले जातात. तासाचे पैसे घेणारा माणूस तासच घेणार. स्टॅनफर्डला माजी विद्यार्थी फिल नाइट यांनी 2006 मध्ये साडेदहा कोटी डॉलर दिले आणि त्यातून नवा परिसर उभा राहिला. हार्वर्डला 2010 मध्ये टाटांकडून 5 कोटी डॉलर गेले. तिथल्या इमारतीचं नाव आज टाटा हॉल आहे. मुंबईच्या पैशाला मुंबईचं विद्यापीठ दिसत नाही, की विद्यापीठाला तो मागता येत नाही, हेही एकदा परिसंवादात घ्या.

विषयांची वाण नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्याच वर्षी उदय कोटक चर्चगेटहून पदवी घेऊन बाहेर पडले. घराणं कापसाच्या व्यापारातलं. 1985 मध्ये त्यांनी हुंड्या वटवण्याच्या धंद्यापासून सुरुवात केली, 2003 मध्ये बँक झाली. एकाच कापसाच्या धाग्याला एका टोकाने लालबागची चाळ बांधलेली आणि दुसऱ्या टोकाने बँक. हे दोन्ही एकाच केसमध्ये मांडायचं धाडस कुणी तरी करायला हवं. शिवाय संस्था ज्यांच्या नावाची, त्या जमनालालजींनी गांधींना वर्ध्याला आणलं आणि विश्वस्ततेचा विचार व्यापारात राहून जगायचा प्रयत्न केला. तो कुठे जमला, कुठे फसला, याची कोरडी, भक्तिभाव बाजूला ठेवलेली तपासणी त्यांच्या नावाच्या संस्थेने नाही तर कुणी करायची?

2031 मध्ये पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, म्हणजे 'पुंबा', साठीचा होईल, अमेरिकेतलं व्हॉर्टन बिझनेस स्कूल दीडशेचं. 'बजाज'चा अमृतमहोत्सव 2040 मध्ये. पंधरा वर्षांत वर्षाला दोन म्हटल्या तरी तीस केस होतात, मराठीतून आणि इंग्रजीतून. पहिली बॅकबेची घ्यावी. 1865 ची हकीकत दिनशा वाच्छांनी 1910 मध्येच पुस्तकात लिहून ठेवली आहे आणि राजाबाई टॉवरखालचं ग्रंथालय आपलंच आहे.