दुसऱ्या भागालाही स्वतःची नड हवी

गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग आला की पहिला प्रश्न एकच असतो: पहिल्याची सर आली का? उत्तर शोधताना आपण नट तेच आहेत का, विनोद तसेच आहेत का, हे तपासतो. माझ्या मते कसोटी वेगळी आहे. पहिल्या भागातली माणसं ज्या नडीपोटी धडपडत होती, तितकीच खरी नड दुसऱ्या भागात आहे का, हे पाहायला हवं.

‘दे धक्का’ घ्या. सुदेश मांजरेकर आणि अतुल काळे यांचा हा 2008 चा चित्रपट ‘लिटल मिस सनशाइन’ या 2006 च्या अमेरिकी चित्रपटावर बेतलेला होता, तरी तो मराठी मातीत रुजला. मकरंद अनासपुरे यांचा मकरंद जाधव हा हाताशी पैसा नसलेला, पण डोक्यात यंत्र घोळवणारा बाप. लेकीला मुंबईच्या नृत्यस्पर्धेला वेळेत पोहोचवायचं, म्हणून सगळं घर एका खटारा गाडीतून निघतं. गाडी ढकलताना हसू येतं, कारण ती सुरू झाली नाही तर पोरीची संधी जाणार हे आपल्याला ठाऊक असतं. शिरूर कासार तालुक्यातल्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दरवर्षी इथली कुटुंबं ऊसतोडीसाठी संसार वाहनात भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नडीपोटी घर सोडून निघणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं माहीत आहे. 2022 मध्ये आलेल्या ‘दे धक्का 2’मध्ये अनासपुरे, शिवाजी साटम, सिद्धार्थ जाधव ही मंडळी पुन्हा भेटली, पण कथा लंडनला गेली. खर्च वाढला, परिसर देखणा झाला. मात्र पहिल्या प्रवासाला बळ देणारी निकड तितकीशी जाणवत नाही. म्हणून विनोद सुटे सुटे उरतात. कलाकारांचं कसब कमी पडलेलं नाही, त्यांच्यासमोरची अडचण हलकी झाली आहे.

हिंदी आवाजात मोबाइलवर आवडीने पाहिल्या जाणाऱ्या तेलुगू हाणामारीपटांतही हेच दिसतं. पुरी जगन्नाथ यांच्या ‘इस्मार्ट शंकर’मध्ये 2019 साली एका पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी गुंडाच्या डोक्यात जातात आणि त्यातून मारामारी आणि गंमत दोन्ही उभी राहतात. 2024 च्या ‘डबल इस्मार्ट’ने तीच युक्ती पुन्हा वापरली, समोर संजय दत्तसारखा मोठा खलनायक आणला. नवलाई मात्र पहिल्याच वेळी खर्ची पडली होती. खलनायकाचा आकार वाढला म्हणजे गोष्ट वाढत नाही.

यावर कुणी म्हणेल, प्रेक्षकाला ओळखीची माणसं पुन्हा भेटायची असतात, त्यात गैर काय? गैर काहीच नाही. पण ओळख तिकीट काढायला लावते, पुढचे दोन तास कथेलाच धरून ठेवावे लागतात. दुसरा आक्षेप असा की, पहिल्या भागाशी तुलना करणंच अन्यायाचं. तो मला मान्य नाही, कारण जुनं नाव वापरून बोलावणाऱ्यानेच ती तुलना ओढवून घेतलेली असते. शिवाय ही बरोबरी अशक्यही नाही. सतीश राजवाडे यांच्या 2010 च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त दोन अनोळखी माणसं दिवसभर बोलतात. 2015 च्या दुसऱ्या भागाने तो दिवस पुन्हा रंगवला नाही; लग्न ठरल्यावर मनात उठणारी शंका आणि दोन्ही घरांची लगबग पुढे आणली. पात्रं तीच, नड नवी.

मराठीत निर्मात्यांकडे पैसा मोजका असतो. तो परदेशातल्या चित्रीकरणावर घालण्याआधी त्यांनी लेखकाला वेळ द्यावा आणि एकच प्रश्न विचारावा: या माणसांना आता कशाची गरज आहे? उत्तर नसेल, तर पहिला भाग आहे तसाच राहू द्यावा.