चेहरा घासावा, पण किती वेळा?



लग्नसराई जवळ आली की महिला मंडळात एक प्रश्न हमखास निघतो. पोरीला पाहायला पाहुणे यायचे आहेत, चेहऱ्याला काय लावावे? आठवड्यातून किती वेळा घासावे? कोणी डाळीचे पीठ सांगते, कोणी लिंबू-साखर, कोणी दुकानातले अक्रोडाचे स्क्रब. मोरीत वज्री आणि नायलॉनची घासणी तर असतेच. प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर चुकले तर तोंडावरचे डाग महिनोन् महिने जात नाहीत. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खाली नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी गळून पडतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढले की जास्त. म्हणजे कातडी स्वतःच रोज थोडी थोडी साफ होत असते. शिवाय हा मृत थर म्हणजे कचरा नव्हे. तो घरावरच्या पत्र्यासारखा आहे. अंगातला ओलावा तो आत राखतो, धूळ आणि जंतू बाहेर ठेवतो. पत्र्यावरचा पालापाचोळा झाडावा, पत्राच उपटून टाकू नये.

आता किती वेळा ते सांगतो. ज्यांचा चेहरा तेलकट आहे त्यांनी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. सर्वसाधारण कातडी असेल तर आठवड्यातून एकदा पुरे. कोरडी किंवा चटकन आग होणारी कातडी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, नाही केले तरी काही बिघडत नाही. पुवाच्या पुटकुळ्या, खरचटलेली जागा, इसब, नायटा किंवा उन्हाने भाजलेला चेहरा असेल तर अजिबात घासू नये. रोज घासणे कोणालाच मानवत नाही.

पुरुष मंडळींनी लक्षात ठेवावे, की दाढी करताना वस्तऱ्याबरोबर मृत थर निघतोच. दाढीच्या जागी वेगळे घासण्याची गरज नाही. लहान मुलांना तर याची गरजच नसते. तान्ह्या बाळाची लव जावी, बाळ उजळावे म्हणून पिठाचा गोळा अंगावर फिरवण्याची रीत अजून काही घरांत आहे. ती सोडून द्यावी. बाळाची लव काही आठवड्यांत आपोआप गळते. घासल्याने त्याच्या कोवळ्या कातडीला फक्त इजा होते.

घासायचे कसे, तेही महत्त्वाचे आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर आधी साध्या पाण्याने धूळ धुवावी. बांधकामावर, झाडूकामावर किंवा गिरणीत काम करणाऱ्यांनी तर हे आधी करावेच, नाहीतर तीच खडी-धूळ चेहऱ्यावर घासली जाते. मग वस्त्रगाळ डाळीचे पीठ दुधात किंवा पाण्यात पातळ कालवून बोटांच्या टोकांनी हलके फिरवावे. अर्धा-एक मिनिट पुरे. धुतल्यावर मऊ फडक्याने टिपावे, रगडू नये. कोरड्या चेहऱ्याला ओलसर असतानाच थोडे खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावे. तेलकट चेहऱ्याला खोबरेल नको, त्याने पुटकुळ्या वाढू शकतात. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, जाड साखर यांना चेहऱ्यावर जागा नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजून काळे चट्टे पडू शकतात. वज्री टाचेसाठी आहे, ती टाचेलाच ठेवावी.

घासल्यावर आग होत असेल, चेहरा लाल किंवा ताणल्यासारखा चकचकीत दिसत असेल, तर आपण जास्त घासले असे समजावे. दोन-तीन आठवडे सगळे बंद ठेवून फक्त पाणी आणि साधा साबण वापरावा.

सावळ्या आणि काळ्या कातडीच्या लोकांनी हे जास्त जपावे. अशी कातडी दुखावली, की ती जागा बरी होताना रंगद्रव्य जास्त तयार करते. उजळण्यासाठी घासलेला गाल त्यामुळे उलट काळवंडतो. नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षे अंग रगडणाऱ्यांच्या पाठीवर आणि दंडावर काळपट, खरबरीत पट्टे पडलेले दिसतात, ते याच घर्षणामुळे.

मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा जाड काळा पट्टा दिसला तर तो मळ समजून लेकरांना घासू नका, त्यांना घाणेरडेही म्हणू नका. तो बहुधा मळ नसतो. वजन वाढलेले असेल, घरात मधुमेह असेल, तर तशी खूण पुढे होऊ शकणाऱ्या मधुमेहाची आगाऊ सूचना असू शकते. अशा वेळी रक्तातील साखर तपासून घ्यावी. तसेच फिकट चट्टा असून त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर घासत न बसता सरकारी दवाखाना गाठावा. कुष्ठरोगाचे औषध तेथे मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

राहिला रंगाचा प्रश्न. रंगद्रव्य खालच्या थरात तयार होते. वरचा थर कितीही घासला तरी जन्माचा रंग बदलत नाही. तरीही बाजार हेच स्वप्न विकतो. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द कंपनीनेच २०२० साली काढला, पण आपल्या मनातून तो अजून निघालेला नाही. त्याहून धोक्याची आहेत ती स्टेरॉइड असलेली मलमे. चार-आठ दिवस चेहरा उजळ दिसतो, नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि केस येतात, आणि मलम सोडले की आगीचा डोंब उसळतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तेव्हा मैत्रिणीने सांगितले म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणू नका.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहण्यास आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाकण्यास सांगितले. त्यांनी सांगितली ती स्वच्छता आणि स्वाभिमान, गोरेपण नव्हे. पुढे १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' या विषयावरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे आकडे तपासून, अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत हा समज खोडून काढला. मग आपणच आपल्या लेकीचा रंग पाहून तिची किंमत का ठरवावी? मुलगा पाहायला येतो तेव्हा "पोरगी काळी आहे" हे वाक्य बौद्ध घरात तरी ऐकू येऊ नये. ते ऐकूनच पोरी मोरीत दार लावून चेहरा रगडत बसतात.

तथागतांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. चेहऱ्याचेही तसेच आहे. मळ साचू देऊ नये आणि कातडी सोलूही नये. आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, तेवढे पुरे. वाचलेल्या पैशांत पोरीला एक पुस्तक घ्या.

सर्वांचे मंगल होवो.