मिशन शाळेचा खरा वारसा इंग्रजी नाही, बोर्डिंग आहे

थोडं मोठं लिहितोय. विषय शाळेचा आणि प्रवेशाचा आहे. ज्यांच्या घरात पाच-सहा वर्षांचं लेकरू आहे किंवा ज्यांच्या ओळखीत एखादं ऊसतोडीचं कुटुंब आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ख्रिस्ती समाज शंभरात एकही नाही. तरी ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द गल्लोगल्ली ऐकू येतो. गंमत अशी, की ज्या शाळांच्या पाटीवर तो शब्द असतो त्यातल्या बऱ्याच शाळांचा चर्चशी काडीचा संबंध नसतो. संस्थापक आपलेच कुणीतरी माजी सभापती असतात. पालकांना त्या शब्दातून एवढंच कळतं: इंग्रजी, टाय, बूट आणि शिस्त. ख्रिस्ती संस्थांच्या ज्या खऱ्या शाळा मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर-नगर भागात आहेत, त्यांच्याकडेही आपण याच नजरेनं बघतो. फी परवडली तर भारी, नाही परवडली तर आपली झेडपी आहेच.

या शाळा गरिबाला मदत करतात की नाही, यावर परवा एका चहाच्या टपरीवर वाद झाला. एकजण म्हणाला, फुकट शिकवतात. दुसरा म्हणाला, फुकट काही नसतं, धर्म बदलायला लावतात. तिसऱ्याचं म्हणणं, त्या आता श्रीमंतांच्या शाळा झाल्यात. तिघांनीही आपापलं छातीठोक सांगितलं. मला वाटतं, या तिघांनाही अर्धंच ठाऊक आहे.

मदत होते, हे आधी मान्य करू. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोराची फी महिन्याच्या हप्त्यानं घेणं, नवरा वारलेल्या शेतकरी बाईला गपचूप सवलत देणं, जुना गणवेश धुऊन इस्त्री करून दुसऱ्या पोराला देणं, शाळा सुटल्यावर तासभर बसवून गृहपाठ करून घेणं. वीस वर्षांच्या बातमीदारीत मी हे अनेक ठिकाणी पाहिलंय. सिस्टर लोक याचा फोटो काढत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे प्रेसनोटही येत नाही. ज्या घरात आईबाप संध्याकाळी परत येतात, त्या घराला या मदतीचा खरा आधार होतो.

पण आपल्या जिल्ह्याचं दुखणं वेगळं आहे. दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातून ट्रॅक्टर-ट्रक भरून निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मग कोल्हापूर, सांगली, सातारा नाहीतर थेट कर्नाटक. परत यायचं ते शिमग्यानंतर, कधी पाडव्याला. म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष घर बंद. अशाच एका बाईला मी विचारलं होतं, पोरीला चांगल्या शाळेत का घालत नाही? ती म्हणाली, “सायेब, फीचं बघू कसंबी. पर आम्ही गेल्यावर तिला रातच्याला झोपवंल कोण आन् भाकर कोण घालंल?”

या प्रश्नापुढं फीमाफी लंगडी पडते. आणि याच प्रश्नाचं उत्तर जुन्या मिशनवाल्यांना सापडलेलं होतं.

लातूर-मुंबई एक्सप्रेसनं आपण पुण्याला जातो तेव्हा दौंड सुटल्यावर केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीनं गेले होते. स्वतः त्या आणि त्यांचे भाऊ अन्नाविना पायी भटकलेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींचे हाल कानावर आले, तेव्हा त्या तिकडं गेल्या आणि शेकडो मुली केडगावला घेऊन आल्या. पुढं १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. त्या सुमाराला मुक्तीमध्ये दीड हजारांवर माणसं राहत होती. एवढ्या माणसांचं रोजचं जेवण, पाणी, आजारपण आणि कपडालत्ता किती असेल याचा विचार करा. शिक्षण होतंच, पण त्याच्या आधी ताट आणि अंथरूण होतं. नंतर विणकाम, शेती, दूधदुभतं, तेलघाणा, छापखाना. अक्षर जुळवणाऱ्या त्या बायका होत्या, ज्यांना घरादारानं ओझं म्हणून सोडलेलं होतं. अंध मुलींसाठीही तिथं शिकायची सोय झाली.

मुक्ती हे एकटं उदाहरण नाही. नगर-सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशननं गावोगावच्या महार-मांग घरांतली पोरं गोळा करून बोर्डिंगात ठेवली. नगरला सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या नावाच्या औद्योगिक शाळेत पोरं सुतारकाम शिकत. आपल्या निजामी मुलखात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्याला जमीन सालारजंगांनी दिली. नगर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही ‘मिशन बोर्डिंग’ हा शब्द आहे. शाळा म्हणत नाहीत, बोर्डिंग म्हणतात. कारण त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते तिथल्या दोन वेळच्या जेवणानं.

आपल्या शहाण्या माणसांनी यातलं मर्म बरोबर ओळखलं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातीची वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छताखाली आणली. आणि लांब कशाला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर हादरलं तेव्हा काय झालं? नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाच्या मंडळींनी ‘आपलं घर’ उभं केलं. शांतिलाल मुथांच्या भारतीय जैन संघटनेनं लातूर-उस्मानाबादची बाराशे पोरं पुण्याला शिकायला नेली. त्या पोरांचे आईबाप काही जैन नव्हते, समाजवादी तर मुळीच नव्हते. धर्म, विचार वेगवेगळे, पण प्रत्येकानं पहिल्यांदा पोराच्या राहण्याखाण्याची सोय केली.

आता धर्मांतराचा मुद्दा. तो टाळून पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मुक्तीमधल्या मुली मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाल्या, हा इतिहास आहे. १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदनावरून याच कारणानं वादळ उठलं होतं. रानडे, भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं आणि पालकांनी पोरी काढून नेल्या. त्या काळी मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता आणि ते तसं उघड सांगत. पण आज आपण त्या काळात राहत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिकवणुकीला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हे राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्ये स्पष्ट आहे. पालकाला शंका असेल तर त्यानं प्रवेशाच्या वेळी सरळ विचारावं, लेखी घ्यावं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओवरून ठरवू नये. आणि ज्यांना फार काळजी वाटते, त्यांनी एक वसतिगृह काढावं. कुणी अडवलेलं नाही.

तिसऱ्याचं म्हणणं मात्र मला अर्ध्याहून जास्त पटतं. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २०२१ मध्ये देशातल्या अल्पसंख्याक शाळांवर अहवाल काढला. त्यातल्या शिफारशींवर वाद घालता येईल, पण आकडे बघा. ख्रिस्ती शाळांतली ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत. म्हणजे या शाळा आपल्याच पोरांच्या आहेत. आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतली मुलं किती? ८.७६ टक्के. देशाची सरासरी आहे, एकेक शाळा वेगळी असते, डोंगराळ आदिवासी भागातल्या मिशन शाळांचं चित्र शहरासारखं नसतं, हे सगळं मान्य. तरीही ज्यांच्या पूर्वसुरींनी दुष्काळातून पोरी उचलून आणल्या, त्यांना हा आकडा टोचायला हवा.

कायद्यानं त्यांच्यावर सक्ती नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या खंडपीठाकडं पाठवायला सांगितलंय. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण कलम ३० नं अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, गरिबाला जागा द्यायला मनाई केलेली नाही. स्वतःहून जागा ठेवायला कुठल्या निकालाची वाट बघायची?

अर्थात २५ टक्क्यांच्या जागा मिळाल्या म्हणून ऊसतोडीच्या पोरांचं भलं होतं, असंही नाही. या प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरायचे असतात. म्हणजे नेमके आईबाप फडात, कोपीत. मोबाइलला चार्जिंग नाही, उत्पन्नाचा दाखला गावाकडं पेटीत, आणि लॉटरीत नाव लागलंच तर कागद तपासायला कोण जाणार? २५ टक्क्यांचा लाभ गावात थांबणाऱ्या गरिबाला होतो. गाव सोडणाऱ्या गरिबाचं नाव त्या यादीत चढतच नाही.

सरकारनं काही केलंच नाही, असंही म्हणता येत नाही. हंगामी वसतिगृहं आहेत, पण मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी वसतिगृह म्हणजे दोन वेळचं जेवण. झोपायला पोर आजीकडंच, आणि आजीला रात्रीचं दिसत नाही. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, प्रत्येकी शंभर जागांची. सगळी भरली तरी ८,२०० पोरं. एकट्या मराठवाड्यातून फडावर जाणाऱ्या कुटुंबांसमोर हे दुष्काळातल्या टँकरसारखं आहे. नीती आयोगानं २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ म्हटलं, तेव्हा बैठकांचे फोटो आम्हीच छापले होते. त्या बैठकांत हा झोपायचा प्रश्न माझ्या कानावर तरी आला नाही.

म्हणून ज्या मिशन शाळांकडं आवार आहे, खोल्या आहेत, वर्षानुवर्षं मुलांना सांभाळायचा अनुभव असलेल्या सिस्टर आहेत, त्यांच्याकडं माझं एकच मागणं आहे. इंग्रजी शिकवायला आता प्रत्येक तालुक्यात दहा दुकानं निघालीत. तुम्ही नोव्हेंबर ते एप्रिल तीस पोरींचं बोर्डिंग चालवा. पूर्ण वर्षाचं नको, हंगामापुरतं. पोरगी झेडपीच्या शाळेत शिकेना का, रात्री तुमच्याकडं सुरक्षित राहू द्या. तीस नाही जमलं तर दहा. किराण्याला गावातली व्यापारी मंडळी पैसे देतात, मागायला मात्र कुणीतरी जावं लागतं. बातमी द्यायचीय म्हणून नाही, पण तिथं मी यायला तयार आहे. हेच मागणं मठांना, मदरशांना, आपल्या शिक्षणसम्राटांनाही आहे. फक्त मिशनवाल्यांना मी आधी म्हणतोय, कारण हे काम त्यांच्या घरातलं आहे.

आणि पालकांसाठी. दिवाळीच्या आधी, उचल घ्यायच्या वेळीच पोरांचं ठरवा. मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालायला सांगा. जन्मदाखला, आधार, उत्पन्न आणि जातीचा दाखला यांच्या झेरॉक्स मागं राहणाऱ्या माणसाकडं द्या, आणि अर्जावर नंबर त्याच माणसाचा टाका, म्हणजे ओटीपी फडात जाणार नाही. तुमच्या गावात अशी पोरं मागं राहत असतील तर किती आहेत आणि रात्री कुणाकडं झोपतात, एवढं मला इनबॉक्समध्ये कळवा. पोरांची नावं नकोत, गावाचं नाव पुरे.