टाळ्या कलेला, शिक्षा कलावंताला

संपादक मंडळाने या वर्षी लेख मागितला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. तो गेली अनेक वर्षे मनात दबा धरून बसला होता. लिहिण्याचे धैर्य मात्र होत नव्हते. ही स्मरणिका घरातील सर्वजण वाचतात, आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत, याची मला जाणीव आहे. किंबहुना म्हणूनच हा विषय येथे मांडावा असे वाटले.

नोव्हेंबर 1991 मधील एका सोमवारची गोष्ट. हीथ्रो विमानतळाच्या परिसरात मी तेव्हा नोकरीला होतो. सकाळी कॅन्टीनमध्ये प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र होते आणि प्रत्येक वर्तमानपत्रावर एकच चेहरा. फ्रेडी मर्क्युरी या गायकाचे आदल्या संध्याकाळी वयाच्या 45 व्या वर्षी एड्सने निधन झाले होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी, म्हणजे 23 नोव्हेंबरला, त्याने निवेदन काढून आपल्या आजाराची कबुली दिली होती. टेबलाभोवती एकाने त्याच्या समलिंगी असण्यावर ओंगळ विनोद केला. सगळे हसले. मीही हसलो. परदेशात नवखा माणूस पुष्कळदा केवळ सर्वांबरोबर राहण्यासाठी हसतो. पण ते काही समर्थन नव्हे.

त्या माणसाविषयी मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. पुढे कळले की त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. जन्म 1946 चा, झांझिबारचा, कुटुंब पारशी. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला शिक्षणासाठी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठविले. तेथेच तो पियानो शिकला, तेथेच मुलांच्या वाद्यवृंदात वाजवू लागला, आणि फारोखचा फ्रेडी झाला तोही तेथेच. 1964 मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब हीथ्रोजवळच्या फेल्टहॅमला येऊन राहिले. तरुण फारोखने त्याच विमानतळावर सामान उचलण्याचेही काम केले. मी ज्या रस्त्याने रोज कामावर जात असे, त्याच रस्त्याने कधीकाळी तोही गेला असेल. हे वाचले तेव्हा माझ्या मनात प्रथम अभिमान दाटून आला: आपल्या महाराष्ट्रात शिकलेला मुलगा! आणि दुसऱ्याच क्षणी त्या सकाळचे माझे हसणे आठवले. त्याची पाचगणी मला हवी होती. बाकीचा माणूस नको होता.

तो ज्या इंग्लंडमध्ये उतरला त्या इंग्लंडचा कायदा आजच्या तरुणांना खरा वाटणार नाही. दोन प्रौढ पुरुषांचे प्रेम, मग ते स्वतःच्या घरात बंद दाराआड का असेना, येथे तुरुंगवासास पात्र असा गुन्हा होते. या गुन्ह्याची झळ रंगभूमीला फार लागली. 1895 मध्ये ऑस्कर वाइल्डवर खटला झाला तेव्हा लंडनमध्ये त्याची दोन नाटके एकाच वेळी चालू होती. नाटके काही दिवस चालू ठेवली गेली. जाहिरातींवरून नाटककाराचे नाव मात्र काढून टाकण्यात आले. त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

त्यानंतर अर्धशतक उलटून गेल्यावरचे उदाहरण सर जॉन गिलगुड यांचे आहे. शेक्सपिअरच्या भूमिका करणारा त्या काळातील अग्रगण्य नट. (आपल्यापैकी अनेकांनी त्यांना 1982 च्या 'गांधी' चित्रपटात लॉर्ड आयर्विनच्या भूमिकेत पाहिले असेल. त्याच चित्रपटात बाबासाहेबांना मात्र एका प्रसंगापुरतीही जागा मिळाली नाही, पण तो विषय निराळा.) 1953 मध्ये राज्याभिषेकाच्या वर्षी त्यांना 'सर' किताब मिळाला आणि अवघ्या काही महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, चेल्सी येथील एका सार्वजनिक स्वच्छतागृहात त्यांना पोलिसांनी पकडले. पोलिसांना त्यांनी नाव सांगितले आर्थर गिलगुड, व्यवसाय कारकून. आर्थर हे त्यांचे खरोखरच पहिले नाव होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा पौंड दंड झाला. परंतु न्यायालयात हजर असलेल्या एका बातमीदाराने ओळखले आणि त्याच दिवशी बातमी छापून आली. किताब मिळविणाऱ्या नटाने स्वतःला कारकून म्हणवून घ्यावे, यातील अगतिकता आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. नोकरीच्या गावी भाड्याने खोली मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगणारी माणसे आपल्या घराघरांत होऊन गेली आहेत.

गिलगुड त्या दिवसांत एका नव्या नाटकात काम करीत होते. लिव्हरपूलच्या पहिल्या प्रयोगाला रंगमंचावर पाऊल टाकण्यास त्यांचे पाय धजेनात. ज्येष्ठ अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक यांनी त्यांना हाताला धरून पुढे नेले आणि प्रेक्षागृहाने उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. सामान्य प्रेक्षक कायद्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या पुढे होता, असे या प्रसंगावरून म्हणावेसे वाटते. तरीही काही महिन्यांनी ते मानसिकदृष्ट्या खचले. 2000 मध्ये, 96 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या प्रकरणावर ते जाहीरपणे कधीही बोलले नाहीत.

नाटकांतून तरी हे दुःख मांडता येत होते काय? तर नाही. लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाने मंजूर केल्याखेरीज नाटक रंगमंचावर येत नसे आणि 1958 पर्यंत हा विषय सर्वस्वी वर्ज्य होता. टेरेन्स रॅटिगनसारख्या नाटककाराने 1954 च्या 'सेपरेट टेबल्स'मध्ये मेजरचे पात्र रंगविले. त्याचा मूळ अपराध कोणता हे लेखकाच्या मनात स्पष्ट होते, पण रंगमंचावर येताना तो बदलून चित्रपटगृहात स्त्रियांना त्रास देणारा असा करावा लागला. 1961 मध्ये 'व्हिक्टिम' हा चित्रपट आला, तेव्हा कोठे इंग्रजी पडद्यावर या विषयाचे नाव उघडपणे उच्चारले गेले. धमकी देऊन पैसे उकळणारे या कायद्याच्या आधाराने कसे जगतात, हे त्यात दाखविले आहे. वकिलाची प्रमुख भूमिका डर्क बोगार्डने केली. भूमिका घेण्यास धैर्य लागले हे निर्विवाद, कारण तो तेव्हा तरुणींचा लाडका नट होता. हाच बोगार्ड अँथनी फोरवुड यांच्यासोबत अनेक दशके एका घरात राहिला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. पडद्यावर जे बोलता आले, ते घराबाहेरच्या पायरीवर बोलता आले नाही.

याच काळात, 1965 पासून, बीबीसीच्या 'राउंड द हॉर्न' या विनोदी कार्यक्रमात ज्युलियन आणि सँडी नावाची दोन पात्रे अशा मंडळींच्या गुप्त बोलीत बोलून सबंध देशाला हसवीत होती. रविवारी दुपारी कुटुंबे एकत्र बसून ते ऐकत. ज्या माणसाला देश तुरुंगात टाकतो त्याच माणसावर देश पोट धरून हसतो, हा विरोधाभास कोणाला खटकत नव्हता. कायदा बदलला तो 27 जुलै 1967 रोजी. तोही फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरता, खाजगी जागेपुरता आणि वयाची 21 वर्षे पूर्ण झालेल्यांपुरता. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन, ज्यांना याच कारणावरून खंडणीची धमकी सोसावी लागली होती, ते बरोबर एक महिन्याने, 27 ऑगस्टला वारले. फेल्टहॅमच्या फारोखला तेव्हा एकवीस पूर्ण व्हायला सव्वा महिना अवकाश होता.

पुढे तो जगप्रसिद्ध झाला. 1985 च्या जुलैमध्ये वेम्बलीच्या मैदानावर त्याने अफाट जनसमुदायाला एका हाताच्या इशाऱ्यावर गायला लावले. परंतु मुलाखतीत वैयक्तिक प्रश्न आला की तो थट्टा करून वेळ मारून नेई. कायद्याची भीती एव्हाना उरली नव्हती. मग भीती कोणाची होती? वर्तमानपत्रांची होतीच, शेवटच्या दिवसांत छायाचित्रकार त्याच्या केन्सिंग्टनच्या घराबाहेर ठाण मांडून बसत. पण मला वाटते, फेल्टहॅममधील त्या छोट्या घराचीही असावी. हे माझे अनुमान आहे, पुरावा नाही. देशांतर केलेल्या आईवडिलांच्या मुलावर एक वेगळे ओझे असते. त्यांनी सर्व सोडून आणले आहे, आता त्यांना समाजात मान खाली घालायला लावू नये, हे ओझे आपल्या मुलांनाही माहीत आहे. त्याचा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनेने झाला, एवढे मात्र खरे.

आता आपल्याकडे वळतो. मराठी समाजाने तमाशा डोक्यावर घेतला आणि तमासगिराला गावकुसाबाहेर ठेवले, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक आहे? पण त्या तमाशातही एक 'नाच्या' असतो. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत ही भूमिका आयुष्यभर केली. ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. तरीही रस्त्यावर त्यांची आणि त्यांच्या कुटुंबाची टवाळी झाली. केवळ भूमिकेपायी ही गत, तर ज्याचे आयुष्यच तसे आहे त्याचे काय? विजय तेंडुलकरांनी 1981 मध्ये 'मित्राची गोष्ट' लिहून हा प्रश्न स्त्रीच्या बाजूने रंगमंचावर आणला. त्या नाटकाची आठवण आज किती जण काढतात?

आणि आता जे लिहायला धैर्य हवे होते ते. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मंडळात जयंतीनिमित्त नाटक बसविले होते. आपल्यातीलच एक मुलगा रमाईंची भूमिका करीत असे, कारण मुली पुढे येत नव्हत्या. त्याने ती अशी केली की सभागृहातील बायका पदर डोळ्यांना लावीत होत्या. दोन वर्षे हे चालले. मग कोणीतरी त्याला एका मित्राबरोबर पाहिले. समितीच्या बैठकीत ठरले की यापुढे 'योग्य' कलाकार घ्यावेत. कारण लिहिले गेले नाही. मी त्या बैठकीला हजर होतो आणि हात वर करणाऱ्यांत होतो. त्याने मला दारात गाठून एवढेच विचारले, "काका, माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, समितीचा निर्णय आहे. समिती म्हणजे कोण, तर मीच. त्यानंतर तो आला नाही. हळूहळू त्याची आईही विहारात येईनाशी झाली. वहिनींनी कोणाला दोष दिला नाही, हे मला अधिक लागले.

हा विषय आपला नाही असे म्हणणाऱ्यांना मी 1934 सालाची आठवण देतो. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून तो होता आणि त्यांत समलिंगी वृत्तीचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, ही बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. अस्पृश्यतेच्या लढ्याचा प्रचंड भार शिरावर असताना, जनमत पूर्णपणे विरुद्ध असलेल्या या प्रकरणात पडण्याची बाबासाहेबांना काय निकड होती, याचे उत्तर आपण शोधले पाहिजे. 6 सप्टेंबर 2018 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेले कलम 377 प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, तेव्हा न्यायमूर्तींनी आधार घेतला तो संवैधानिक नैतिकतेचा. 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संकल्पनेचा. निकाल वाचताना मला अभिमान वाटला नाही, कारण माझा वर केलेला हात मला दिसत होता.

तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे. उत्तरेकडील एका शहरात तो शाळांमधून नाटक शिकवितो असे ऐकून आहे. मार्च महिन्यात ओळखीतून पत्ता मिळविला आणि त्याला हाताने पत्र लिहिले. समितीच्या नावाने नाही, माझ्या नावाने. बैठकीत मी काय केले तेही त्यात लिहिले. या वर्षीच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका सोबत जोडली आणि पुढच्या रांगेतील दोन खुर्च्या राखून ठेवण्यास मंडळाला सांगितले आहे. दोघांसाठी. हा मजकूर छापायला जाईपर्यंत उत्तर आलेले नाही.