टेंगूळ लपवू नका

दुपारची झोप झालेली, चार वाजलेले. दीड वर्षाचं पोर पळता पळता चौरंगाच्या कडेवर आपटतं. क्षणभर आवाज नाही. ते आधी मावशींच्या तोंडाकडे बघतं, मग भोकाड पसरतं. मावशी फरशीला चापट मारतात, ‘मुंगी मेली बघ’ म्हणतात, दोन मिनिटांत पोर पुन्हा चेंडूमागे. कपाळावर बोराएवढं टेंगूळ.

पाळणाघर चालवणाऱ्या कुणालाच हे नवं नाही. या वयात अंगाच्या मानाने डोकं मोठं, तोल गेला की आधी तेच आपटतं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून जराशा मारानेही टेंगूळ भराभर वर येतं. ते चोळून जिरवू नका. रुमालात गुंडाळलेला बर्फ दहाएक मिनिटं धरा. (हळदीबद्दल माझी तक्रार एवढीच, की तिच्याखाली सूज नीट दिसत नाही.) झोपायची वेळ झाली असेल आणि पोर एरवीसारखं असेल, तर झोपू द्या.

बोलायचंय ते सहा वाजताचं. आई दारात येते, टेंगळावर केस ओढलेले असतात आणि आपण म्हणतो, ‘आज छान खेळली हो!’ पहिल्या वर्षी मीही असंच म्हणाले होते. रात्री त्या मुलीला दोनदा उलटी झाली. आईने खिचडीला बोल लावला. डॉक्टरांनी विचारलं, ‘डोक्याला लागलं होतं का?’ आई ‘नाही’ म्हणाली. खोटं माझं होतं, वदवलं मी तिच्याकडून. पुढे काही निघालं नाही, हे नशीब.

मार लागल्यानंतरचे चार-सहा तास डोळ्यात तेल घालून बघायचे असतात. चारला पडलेल्या मुलाचे त्यातले बरेचसे तास घरी जातात. म्हणून फोन लगेच करा आणि वहीत लिहा: किती वाजता, कशावर, डोक्याला नेमकं कुठे, लगेच रडलं का, नंतर काय खाल्लं.

शुद्ध हरपली, झटका आला, उठवूनही उठेना, तर थेट 108. पुन्हापुन्हा उलट्या, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, समजूत घालूनही न थांबणारं रडणं, तीन फुटांहून उंचावरून पडणं, दोन वर्षांखालच्या मुलाच्या डोक्याच्या मागे किंवा बाजूला आलेली सूज, यांपैकी काहीही असलं तर बर्फ धरत बसू नका, डॉक्टर गाठा. वर्षाच्या आतलं बाळ तर दाखवायचंच.

ती वही कपाटात नको. चपलांच्या रॅकवर ठेवा. पोराच्या पायात चपला चढवताना आई तिथेच वाकते.