अपग्रेडचं बटण दाबण्याआधी...

फोनवर अपडेटचं नोटिफिकेशन आलं की आपण ‘नंतर बघू’ म्हणतो. पण कंपनीच्या सर्व्हरबाबत हे ‘नंतर’ महागात पडतं. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. विंडोज सर्व्हर २०१६ साठी ही तारीख आहे १२ जानेवारी २०२७. त्यानंतर नेहमीचे सिक्युरिटी पॅच बंद. मग एखाद्या रविवारी घाईघाईत अपग्रेड उरकून टाकायचं? तेही नको!

माझ्या मते अपग्रेडचं खरं काम आधीच्या काही आठवड्यांत होतं. सर्व्हरवर काय काय चालतं, याची यादी करा. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर, डेटाबेस, प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या सिस्टिमवर चालतो का, हे वेगळ्या टेस्ट मशीनवर तपासा. बॅकअप घेतलाय म्हणून निवांत राहू नका. तो दुसरीकडे रिस्टोअर करून फाइल्स उघडून बघा. आणि किती वाजेपर्यंत जमलं नाही तर मागे फिरायचं, हे आधीच ठरवा. रात्री ३ वाजता, डोकं बंद पडलेलं असताना, तो निर्णय घ्यायचा नसतो.

तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या आयटी सपोर्टला ट्रेनी म्हणून लागतील. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हे तिथे ऐकालच. तेव्हा बिनधास्त विचारा, ‘सर, बॅकअप शेवटचा रिस्टोअर करून कधी बघितला होता?’ उत्तर ‘आठवत नाही’ असेल, तर तयारी तिथूनच सुरू करा. कारण सोमवारी सर्व्हर उठला नाही, तर पगार अडकतो तो सर्व्हर रूम कधी न बघितलेल्या माणसाचा.