अस्थानी हास्य

घरातील वडीलधारे माणूस गेले म्हणजे आधार गेला, असे आपण म्हणतो. परंतु ज्याने उभ्या जन्मात घराला हसविले, असे माणूस गेले म्हणजे नेमके काय गेले, हे सांगावयास शब्द सहसा सापडत नाही. २०२४ सालच्या ज्येष्ठात आमचे धाकटे काका वयाच्या ८४ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्याविषयी आज लिहावयास बसलो आहे, ते त्यांची थोरवी गाण्यासाठी नव्हे. माझ्या हातून घडलेला एक प्रमाद वाचकांपुढे मांडावा, एवढ्याचसाठी.

काका चौघा भावांत शेवटचे, म्हणून 'धाकटे'. पुढे नातवंडे झाली, तीही त्यांना 'धाकटे आजोबा'च म्हणू लागली. आमचे बिऱ्हाड गिरगावातील एका चाळीत होते. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे गिरगावच्या चाळी म्हटल्या की गणपतीपुढे मेळे, नकला आणि नाटुकली ही ठरलेलीच. आमच्या चाळीत हा सारा भार काकांवर असे. १९५८ साली पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' पुस्तक निघाले, तेव्हा काका ज्याला त्याला सांगत, ''चाळ आमचीच हो, फक्त भाडे पुलं वसूल करतात!''

मुंबईत ट्राम प्रथम १८७४ साली घोड्यांनी ओढली, १९०७ साली ती विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदराहून दादरला गेलेली गाडी शेवटची ठरली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. त्या शेवटच्या गाडीत शिरकाव होणे अशक्यच होते. म्हणून काकांनी मला खांद्यावर घेऊन तिच्या अगोदरची एक गाडी गाठली. गाडीत दाटी असूनही कोणी बोलत नव्हते. कंडक्टर जवळ येताच काका गंभीर मुद्रेने म्हणाले, ''एक पुरा, एक अर्धा. आणि उद्याचे परतीचेही देऊन ठेवा.'' क्षणभर शांतता पसरली आणि मग अवघी गाडी हसू लागली. कंडक्टरही हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. माणसे हसत असताना रडतात कशी, हे कोडे मला त्या दिवशी प्रथम पडले.

काकांचा विनोद हा सुखवस्तूपणाचा चाळा होता, असे मात्र कोणी समजू नये. ते परळच्या एका कापडगिरणीच्या कचेरीत कारकून होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर ज्या गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, त्यांत काकांचीही होती. वय ४२, पदरी शाळेत जाणाऱ्या दोन मुली. काका लालबागेतील मसाल्याच्या दुकानांचे हिशेब लिहू लागले. सायंकाळी घरी येत ते शिंका देत आणि तिखटाने डोळे लाल करून. ''मालक पैसा बेताचा देतो, पण वास सढळ हाताने देतो,'' असे म्हणत, आणि मुली खिदळत. पुष्कळ वर्षांनी काकूंनी मला सांगितले, ''अरे, दुकान बंद असे त्या वारीसुद्धा डोळे लालच असायचे.''

आता माझा प्रमाद. १९९६ साली माझे वडील गेले. दहाव्या दिवशी सारे आप्त जमले असता काकांनी वडिलांची एक बालपणीची फजिती सांगितली. शाळेत संध्या म्हणून दाखवावयास उभे केले असता त्यांनी आचमनाच्या पळीने शेजारच्या मुलाच्या डब्यातील आमटी प्याली होती म्हणे! मंडळी हसली. नऊ दिवस भिंतीला टेकून बसलेली माझी आईदेखील तोंडाला पदर लावून हसली. मी तेव्हा संस्कृत शिकविणारा मास्तर. विद्येचा ताठा अंगी मुरलेला. मी सर्वांसमक्ष म्हणालो, ''काका, भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित हे उत्तमांचे, विहसित व उपहसित हे मध्यमांचे, अपहसित व अतिहसित हे अधमांचे. अस्थानी हसणे ते अपहसित. तुमचे हे पाचवे!''

खोलीत कोणी बोलेना. काका एवढेच म्हणाले, ''बरोबर आहे, मास्तर.'' त्या रात्री आईने दहा दिवसांत प्रथमच आपण होऊन भात मागितला. ते मी पाहिले, तरी काकांपाशी जाऊन एक शब्द बोललो नाही.

काकांनी मात्र राग धरला नाही. पुढची २८ वर्षे घरात हशा पिकला की माझ्याकडे वळून ते विचारीत, ''मास्तर, हे कितवे?'' सगळे पुन्हा हसत, मीही हसे. त्यांनी माझ्या चुकीचाही विनोद करून टाकला होता, आणि त्या आडोशाला क्षमा मागण्याचे मी चुकवीत राहिलो.

चंदनवाडीहून परतलो त्या दिवसापासून काकांचे घर मुके झाले. तेराव्या दिवशी निधनशांत होऊन पानावर गोड वाढले, तरी कोणाचा हात पुढे होईना. तेव्हा काकू माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ''तेरा दिवसांत इथे कोणी हसले नाही. ते आत्ता दारात आले तर म्हणतील, बिऱ्हाड चुकलो. तू सांग रे काहीतरी.'' मी ट्रामची गोष्ट सांगितली. परतीच्या तिकिटापाशी येताच माझाच कंठ दाटला. पण वाक्य पुरे होताच सारी पंगत हसू लागली. काकांची नात कुशी धरून हसत होती, गालांवरून पाणी वाहत होते. दम घेत तिने विचारले, ''मामा, हे कितवे?''

मी म्हणालो, ''पाचवेच, बाळ. पण अस्थानी नव्हे. ते त्या दिवशीही अस्थानी नव्हते.'' काकूंनी माझ्या पानावर आणखी एक चमचा श्रीखंड वाढले.

अपहसिताचे लक्षण सांगताना भरतमुनींनी डोळ्यांतील अश्रूंचा उल्लेख केलेला आहे. ते लक्षण मला तोंडपाठ होते. ट्रामच्या कंडक्टरचे डोळे मी पाहिलेले होते. परंतु दोहोंचा मेळ घालावयास मला साठी उलटावी लागली. शाकुंतलात राजा शकुंतलेला ओळखीत नाही, त्या प्रसंगी विदूषक रंगभूमीवर नाही. राजाने त्याला दुसरीकडे धाडलेले आहे. शापाचे कारण मला मान्यच आहे. तथापि हसविणारे माणूस दूर केले म्हणजे घरालाही आपल्या माणसांचा विसर पडू लागतो, असे आता मला वाटते.

म्हणून वाचकांस एकच विनंती. असे माणूस गेल्यावर त्याची तसबीर भिंतीवर लावून त्याला उगाच गंभीर करून ठेवू नका. सुतकातही त्याच्या फजित्या सांगा, त्याचे विनोद मुलांना ऐकवा. आणि तेव्हा घरात कोणी हसले, तर माझ्यासारखे त्याला टोकू नका.